पिशवी काढली, मग पायातलं बळ का गेलं? स्नायूंच्या मूळपेशी, संप्रेरकं आणि वय

(कर्जत, जि. अहिल्यानगर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

सुरुवात एका छोट्या परीक्षेने करू. ज्यांना जमेल त्यांनी खुर्चीत सरळ बसा, दोन्ही हात छातीवर घ्या आणि कुठंही हात न टेकता पाच वेळा उभे राहा, पाच वेळा बसा. घड्याळ आम्ही लावतो.

झालं? ज्यांना बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले त्यांनी आजचं बोलणं जरा जास्त लक्ष देऊन ऐका. हा बारा सेकंदांचा आकडा आमचा नाही. आशियातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०१९ मध्ये तो ठरवला. त्याच गटाने मुठीच्या पकडीचीही मर्यादा दिली आहे, पुरुषांत २८ किलो आणि बायकांत १८ किलो. पकड त्याहून कमी भरली की स्नायू झिजत असल्याची शंका घ्यायची. वयाबरोबर स्नायू झिजण्याला डॉक्टर 'सार्कोपेनिया' म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी सुचवलं. माणसं तर आदिमानवापासून म्हातारी होत आली आहेत, पण या झिजेला नाव मिळून जेमतेम पस्तीस-छत्तीस वर्षं झाली.

परीक्षा चालू असताना मागच्या ओळीतून एक मावशी म्हणाल्या, "आमची पिशवी काढली तवापासून असं झटक्यात उठवतच नाही." शेजारच्या दोघींनी मान हलवली. पुरुष मंडळी जरा खाली बघायला लागली. मावशी, तुम्ही आमचं काम सोपं केलंत. आम्ही आज जे सांगणार आहोत ते सगळं तुमच्या त्या एका वाक्याभोवतीच फिरणार आहे.

आधी स्नायू म्हणजे काय ते बघू. मांडीचा स्नायू हा लांब लांब तंतूंचा जुडगा असतो. हे तंतू स्वतः दुभंगून वाढू शकत नाहीत. मग तंतू फाटला, तुटला, तर दुरुस्ती कोण करतं? १९६१ साली अलेक्झांडर मॉरो नावाचे शास्त्रज्ञ बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. तंतूचं आवरण आणि त्याच्या बाहेरचा पातळ पापुद्रा यांच्या मधल्या फटीत त्यांना छोट्या पेशी चिकटून बसलेल्या दिसल्या. ग्रहाभोवती उपग्रह असावा तशा, म्हणून त्यांना 'सॅटेलाइट सेल' म्हणजे उपग्रह पेशी असं नाव पडलं. याच स्नायूच्या मूळपेशी. एरवी त्या झोपलेल्या असतात. स्नायूला इजा झाली की जाग्या होतात, दुभंगतात, त्यांच्या काही लेकी पेशी तंतूत मिसळून तो सांधतात, आणि काही परत जाऊन जागेवर झोपतात. ही परत जाऊन झोपणारी मंडळी फार महत्त्वाची, कारण पुढच्या वेळी त्याच कामाला येणार.

तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. घरात धान्य दोन प्रकारचं असतं. एक खायचं, एक बियाण्याचं. कितीही ओढ आली तरी शहाणा माणूस बियाण्याला हात लावत नाही. ते वेगळं, कोरडं, जपून ठेवतो. पेरतो त्यातलं थोडं, आणि सुगीला त्यातूनच पुन्हा पुढच्या वर्षाचं काढून ठेवतो. उपग्रह पेशी म्हणजे स्नायूचं बियाणं.

आता प्रश्न असा की म्हातारपणी दुरुस्ती मंदावते ती कशामुळे? बियाणं जुनं झालं म्हणून, की पाऊस पडत नाही म्हणून? शास्त्रज्ञांतही यावर बराच वाद झाला. २००५ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इरिना कॉनबॉय, थॉमस रँडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. एक तरुण उंदीर आणि एक म्हातारा उंदीर शस्त्रक्रियेने जोडून त्यांचं रक्त एकमेकांत फिरू दिलं. मग म्हाताऱ्या उंदराच्या स्नायूला इजा केली. एरवी त्याची जखम अर्धवट भरून मध्ये वणासारखा भाग राहायचा. तरुण रक्त मिळाल्यावर त्याच्याच जुन्या उपग्रह पेशी कामाला लागल्या आणि स्नायू बराच नीट भरला. म्हणजे बियाणं पूर्ण मेलेलं नव्हतं. वाफसाच नव्हता.

वर्तमानपत्रांनी यावरून 'तरुण रक्ताने तारुण्य' अशा बातम्या केल्या, त्या सोडून द्या. तरुण रक्तातलं एकच जादूचं रसायन सापडलं असं २०१३-१४ च्या सुमाराला जाहीर झालं, आणि २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने ते खोडून काढलं. पण मूळ धडा टिकला आहे. मूळपेशी एकट्याने निर्णय घेत नाहीत, आजूबाजूचा तंतू काय सांगतो आणि रक्तातून काय निरोप येतो हे त्या ऐकतात. रक्तातून येणारे हे निरोप म्हणजेच संप्रेरकं, हार्मोन्स. आपल्या देशातही या झोपलेल्या पेशींवर मोठं काम झालं आहे. हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. ज्योत्स्ना धवन यांनी पेशीची ही झोप म्हणजे नुसतं थांबणं नाही, ती राखावी लागते, यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं.

ही झोप मुळात लागते कधी? लहान मुलांच्या स्नायूत या पेशी सतत दुभंगत असतात, कारण मूल वाढत असतं. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की वयात येताना अंगात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढतं तेव्हा ही संप्रेरकं स्नायूच्या तंतूला निरोप देतात, तंतू शेजारच्या उपग्रह पेशीला 'आता थांब' असं सांगतो, आणि पेशी झोपेत जाते. म्हणजे आयुष्यभराचं बियाणं वेगळं काढून ठेवायचं काम वयात येण्याच्या काळात होतं, आणि ते संप्रेरकांच्या हुकमाने होतं. आपल्याकडे कुस्तीगीर पोरगा कोवळ्या वयात तालमीत घालतात आणि त्याला दूध-तूप कमी पडू देत नाहीत. त्याच वयातल्या मुलीला काय मिळतं, ते आपण घरोघरी जाणतो.

आता मावशींच्या वाक्याकडे येऊ.

इस्ट्रोजेन म्हटलं की पाळी, गरोदरपण, फार तर हाडं, एवढंच आपल्या डोक्यात येतं. स्नायूशी त्याचा काय संबंध? २०१९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या माद्यांचे अंडाशय काढले आणि वेगवेगळ्या स्नायूंतल्या उपग्रह पेशी मोजल्या. स्नायूगणिक ३० ते ६० टक्के पेशी कमी झाल्या होत्या. ज्या उरल्या त्यांचीही दुरुस्तीची कुवत घटलेली. इस्ट्रोजेन परत दिलं की आकडा सावरत होता. पुढे त्यांनी फक्त उपग्रह पेशींमधूनच इस्ट्रोजेन ओळखणारा ग्राहक काढून टाकला, म्हणजे निरोप येतोय पण पेशीला कान नाहीत अशी अवस्था. तरीही तेच झालं, पेशी मरायला लागल्या. म्हणजे निरोप थेट त्या पेशीलाच येत होता. याच अभ्यासात थोड्या स्त्रियांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने पाळी जाण्याच्या आधी आणि नंतर तपासले. ज्यांचं इस्ट्रोजेन जास्त उतरलं त्यांच्या उपग्रह पेशीही त्या मानाने जास्त कमी झाल्या. स्त्रिया मोजक्याच होत्या, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पण दिशा स्पष्ट आहे.

भारतात बाईची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे हा निरोप तसाही चार-पाच वर्षं आधी थांबतो. आणि आपल्या या भागात तो हाताने थांबवला गेला आहे.

शेजारच्या बीड जिल्ह्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं की बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊस तोडायला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. साधारण सहात एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातलं १५ ते ४९ वयाच्या बायकांमधलं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही आकड्यांतले वयोगट अगदी सारखे नाहीत, तरी फरक केवढा आहे ते बघा. यात तिशीतल्या बायका होत्या.

कारणं तुम्हाला आम्ही काय सांगणार. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस बुडाला की खाडा, त्याचे पैसे कापणार. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीच्या दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की 'पुढे कॅन्सर होईल, काढून टाका'. पाथर्डी, जामखेडच्या बायकाही याच वाटेने जातात, आणि कर्जत जामखेडच्या लगतच आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आपण 'पिशवी काढली' एवढंच म्हणतो. पण पोटात दोन वेगळ्या वस्तू असतात. गर्भाशय म्हणजे पिशवी, त्यात मूल वाढतं. ती इस्ट्रोजेन तयार करत नाही. इस्ट्रोजेन तयार होतं दोन बाजूंच्या अंडाशयांत, त्यांना बीजकोशही म्हणतात. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण निरोप चालू राहतो. अर्थात अशा बायकांचे अंडाशयही इतरांपेक्षा काहीसे लवकर थकतात असं अभ्यासांत दिसलं आहे. पण दोन्ही अंडाशय पिशवीबरोबर काढले, तर पस्तिशीतल्या बाईचं शरीर एका दिवसात पन्नाशीच्या पुढे जातं. नैसर्गिक पाळी जाताना संप्रेरक काही वर्षांत हळूहळू उतरतं, इथे नळ एकदम बंद. इस्ट्रोजेनबरोबर बाईच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉनही जवळपास निम्म्यावर येतं. हो, बायकांच्या अंगातही ते असतं, आणि स्नायूला लागतं.

या पस्तिशीच्या बाईला पुढे काय करायचं असतं? तोच ऊस, त्याच मोळ्या, अजून पंधरा-वीस वर्षं.

पुरुष मंडळींनी आता निवांत बसू नये. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरतं. नळ बंद होत नाही, गळती लागते. साठ ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांना वीस आठवडे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली तेव्हा मोठ्या डोसांवर त्यांच्या स्नायूतल्या उपग्रह पेशी वाढलेल्या दिसल्या. हे ऐकून कुणी मेडिकलमध्ये जायला उठू नका. मोठ्या डोसांवर रक्त दाट होण्यासारखे त्रासही झाले. मार्च २०२५ मध्ये याच कर्जतमध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, त्या वेळी गावोगावची पोरं आली होती. त्यातल्या कुणालाही आम्ही हेच सांगितलं असतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की आतून येणारं बंद होतं, कारण मेंदू म्हणतो, भरपूर आहे. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात. आयतं पाणी मिळतंय म्हणून घरची विहीर बुजवून टाकण्यासारखं आहे ते.

आणि 'स्टेरॉइड' या शब्दाचा घोळ इथेच मिटवू. तालमीतलं स्टेरॉइड वेगळं आणि गुडघेदुखीवर, दम्यावर, अंगदुखीच्या पुडीतून मिळणारं स्टेरॉइड वेगळं. दुसरं आहे ते कॉर्टिसॉलच्या घराण्यातलं. ते दुखणं झटकन दाबतं, माणूस टुणटुणीत वाटतो, आणि महिनोन्महिने घेतलं तर खांद्या-मांड्यांचे स्नायू खातं. दम्याला किंवा संधिवाताला डॉक्टरांनी दिलेलं असेल तर ते मनाने बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. पण नाव नसलेली पुडी मागून आणून खाऊ नका. पायातलं बळ गेल्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला 'कुठली गोळी चालू आहे' हे म्हणूनच विचारावं लागतं.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही तुम्हाला अर्धंच चित्र दिलं असं होईल. २०१५ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी तरुण उंदरांच्या उपग्रह पेशी जवळपास सगळ्या मारून टाकल्या आणि त्यांना म्हातारपणापर्यंत वाढवलं. अपेक्षा होती की त्यांचे स्नायू फार झिजतील. तसं झालं नाही. झीज इतर उंदरांइतकीच होती. मग बियाण्याची गोष्ट खोटी? नाही. इजा झाल्यावर त्यांचा स्नायू सांधला जात नव्हता, आणि काही स्नायूंत तंतूंच्या मध्ये चिवट, वणासारखा भाग वाढला होता. पिंजऱ्यात बसून खाणाऱ्या उंदराला दुरुस्तीची फारशी गरजच पडत नाही. रोजची झीज व्हायला दुसरी कारणंही असतात, मज्जातंतू सुटतात, प्रथिनं कमी पडतात. मूळपेशी लागतात त्या ज्याचा स्नायू रोज मोडतो त्याला. पिंजऱ्यातला उंदीर म्हणजे खुर्चीतला माणूस. ऊसतोड करणारी बाई नव्हे.

एक भाऊ मघाशी कुजबुजले ते आम्ही ऐकलं. "बायका दिवसभर राबतात, त्यांना आणखी कसला व्यायाम सांगता?" रास्त आहे. ताण पडला की मूळपेशी जाग्या होतात हे खरं, पण जागी झालेली पेशी पहिल्यांदा दुभंगायलाच उंदरांत एक ते दीड दिवस घेते. स्नायू पुरता भरायला आठवडे लागतात. ताण, मग विसावा, मग पोटात डाळ-दूध-अंडं, असा क्रम असेल तर स्नायू घडतो. ताणावर ताण, पोटात भाकरी-चटणी आणि अंगात रक्त कमी, असं असेल तर तोच ताण मोडतो. पेरलं आणि उगवायच्या आत पुन्हा नांगर घातला, असं होतं ते. म्हणून ऊसतोडीच्या बाईला आम्ही व्यायाम सांगणार नाही. तिला हवा पगारी विसावा आणि ताटात प्रथिनं, आणि ते सांगायचं तर तिला नाही, मुकादमाला आणि कारखान्याला सांगायला हवं.

पण जी माणसं आता घरी बसली आहेत, साठी-सत्तरीची, त्यांना मात्र नक्की सांगणार. १९९० मध्ये बॉस्टनला मारिया फिआटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी ते पुरं केलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! संप्रेरकांचा निरोप क्षीण झाला तरी ओझ्याचा निरोप पेशींना अजून ऐकू येतो, एवढं यावरून कळतं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा, इथून सुरुवात करा. जमेल तसं हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. पुढच्या वर्षी गोदड महाराजांच्या रथाला हात लावायला या.

संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल विचारलं आहे. फिनलंडमध्ये जुळ्या बहिणींच्या पंधरा जोड्या तपासल्या होत्या, प्रत्येक जोडीत एक इस्ट्रोजेनचे उपचार घेणारी आणि एक न घेणारी. घेणाऱ्या बहिणी जास्त वेगाने चालत होत्या आणि उंच उडी मारत होत्या. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर मात्र स्नायूच्या वजनात ठळक फायदा दिसला नाही. त्यामुळे पन्नाशीनंतर केवळ पायात बळ यावं म्हणून या गोळ्या घ्या असं आम्ही म्हणणार नाही. पण पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिच्या हाडांसाठी आणि हृदयासाठी, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावं असाच डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. प्रत्यक्षात आमच्या ओळखीच्या कितीतरी जणींना ऑपरेशननंतर टाके काढायला बोलावलं तेवढंच. पुढे काही घ्यायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही.

शेवटचा प्रश्न मावशींचाच आहे. "माझे बीजकोश ठेवलेत का काढलेत, मला कसं कळणार? मला तर कुणी काय सांगितलं नाही."

मावशी, दवाखान्यातून सोडताना जो कागद मिळतो, डिस्चार्ज कार्ड, त्यावर ऑपरेशनचं नाव लिहिलेलं असतं. ते घेऊन या. इंग्रजीत असेल, 'बीएसओ' अशी तीन अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशय काढलेत असं समजायचं. कागद हरवला असेल तर त्या दवाखान्यात प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. तेही नाही जमलं, तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन सोनोग्राफीचं विचारा. अंडाशय आहेत की नाहीत याचा बराचसा अंदाज त्यात येतो, आणि रक्ताच्या तपासणीतून ते काम करतात की नाही हेही कळतं. त्याच वेळी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व बघायला सांगा. पायातलं बळ या तिन्हींमुळेही जातं, आणि ही तिन्ही कारणं बरी करता येतात. शेजारच्या दोघींनाही बरोबर न्या.